मँगो आपल्याकडून गेला की आपल्याकडे आला?

प्रियोळची_माय
नमस्कार मंडळी. धाकटी यंदा सातवीत गेली. शाळेत प्रत्येकाला रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द दिलाय. त्याचा अर्थ काय, तो आला कुठून, कसकसा वापरतात, हे सगळं चार्टवर लिहून न्यायचं आहे. हिच्या वाट्याला 'मँगो' आला. घरात सगळे खूश, कारण आंब्यावर आमच्याकडे कुणीही तासभर बोलेल.

शब्दकोश उघडला तर लिहिलं होतं की इंग्रजीने हा शब्द पोर्तुगीज 'मांगा'वरून घेतला. ते वाचून ती म्हणाली, "आई, पोर्तुगीज तर आपल्याच गोव्यात होते ना? आपण आंबा म्हणतो, कोकणीत आंबो म्हणतो, मग हा मांगा आला कुठून?" मला उत्तर सुचेना. साडेचारशे वर्षं इथे राहिली ती माणसं, इथले आंबे खाल्ले, आणि नाव मात्र इथलं घेतलं नाही, असं कसं? कुणाला ठाऊक असेल तर नीट सांगा. चार्ट सोमवारी द्यायचा आहे, पण खरं सांगायचं तर आता तो प्रश्न माझाच झालाय.

म्हापशेकार
आंबे संपत आल्यावर शाळेने हा शब्द दिला! एप्रिलात दिला असता तर अभ्यासाच्या नावाखाली दोन डझन मानकुराद आंबे घरात आले असते.

कुंडईचो_पाव्णो
आमचे आजोबा सांगायचे की 'मंगल'वरून मँगो झाला. लग्नाच्या दारात आंब्याची पानं लावतात, कलशावर आंब्याचा टाळा ठेवतात. फळ मंगल म्हणून मंगलो, मग मँगो. मला तरी हे पटतं.

फोंड्याचे_सर
ताई, लेकीने नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. शाबासकी द्या तिला माझ्याकडून.

पाव्णोबाब, आजोबांची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण शब्दाची वाट वेगळी आहे. मल्याळममध्ये आंब्याला 'माङ्ङ' म्हणतात. तमिळमध्ये 'मांगाय'. त्यातला 'मा' म्हणजे आंब्याचं झाड आणि 'काय' म्हणजे कच्चं फळ. पिकलेल्याला तमिळ माणूस 'माम्पळम' म्हणतो. म्हणजे तमिळच्या हिशेबाने सगळं जग पिकल्या आंब्याला 'कैरी' अशी हाक मारतंय!

आता पोर्तुगीजांनी इथलं नाव का घेतलं नाही? सालं नुसती शेजारी शेजारी मांडा. वास्को द गामा १४९८ मध्ये आला तो कोळिकोडला, म्हणजे केरळात. १५०० पासून त्यांचा व्यापार कोचीत सुरू झाला, १५०३ मध्ये तिथे किल्ला बांधला. गोवा घेतला तो १५१० मध्ये. म्हणजे गोव्याचा पहिला आंबा तोंडात पडायच्या आधी बारा वर्षं ते केरळचे आंबे खात होते. बारा मोसमांत खलाशापासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या जिभेवर 'मांगा' बसला होता. पुढेही १५३० पर्यंत त्यांचा कारभार कोचीतूनच चालायचा. गोव्यात आले तेव्हा ते फळाला नाव शोधत नव्हते, नाव घेऊनच आले होते.

मांडवीकाठ
सरांच्या म्हणण्याला जोड देतो. लुदोविको दि वार्तेमा नावाचा इटालियन प्रवासी त्याच सुमारास कोळिकोडला गेला होता. त्याचं प्रवासवर्णन १५१० मध्येच रोमला छापलं गेलं. त्यात तो लिहितो की इथे एक फळ आहे, त्याला अंबा म्हणतात, आणि त्याच्या झाडाला मांगा म्हणतात. एकाच वाक्यात दोन्ही शब्द! बंदरात उत्तरेकडचे व्यापारीही असणार आणि मलबारचे लोकही. याने दोन्ही नावं ऐकली आणि एक फळाला दिलं, एक झाडाला.

ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसता बसून राहिलो. त्या बंदरात आपलाही शब्द हजर होता. युरोपात 'अंबा'ही जाऊ शकला असता. थोडक्यात हुकला.

प्रियोळची_माय
अंगावर काटा आला, मांडवीकाठ. हे वाक्य चार्टवर येणारच. सर, 'काय' म्हणजे कच्चं फळ हे सांगितल्यावर लेक हसत सुटली. सकाळपासून आजीला "पिकी कैरी देऊ?" असं विचारत फिरतेय.

सत्तरीकार
आपला 'आंबा' कुठून आला तेही लिहा कुणीतरी. सगळे मांगाच्याच मागे लागलेत.

फोंड्याचे_सर
संस्कृत आम्र, प्राकृतात अंब, मराठीत आंबा, कोकणीत आंबो, हिंदीत आम. सरळ वाट.

काणकोणकर
मँगोच्या शेवटी 'ओ' आहे. पोर्तुगीजमध्ये 'मांगा', मग इंग्रजीत 'ओ' कुठून? कोकणी 'आंबो'चा तर नव्हे? मांगा आणि आंबो मिळून मँगो! असं निघालं तर आमचाही वाटा आला.

पोर्तुगेज_शिकलेली
काणकोणकरबाब, मलाही तसं निघालं असतं तर आवडलं असतं! पण इंग्रजीला ती सवयच दिसते. 'बटाटा' घ्या. मूळ 'बाताता', इंग्रजांनी त्याचा 'पोटॅटो' केला. मांगाचा मँगो तसाच. शेवटचा 'आ' जाऊन 'ओ' आला. सोळाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द इंग्रजीत शिरला, तेव्हा त्यांच्या लिखाणातही कधी मांगा, कधी आणखी काही, असं चाललं होतं. आपण मराठीत मात्र बटाटा जसाच्या तसा ठेवला. पोर्तुगीज शब्द नीट ऐकायचा तर इंग्रजाच्या तोंडून ऐकू नये, म्हापशाच्या बाजारात ऐकावा: बटाटा, पाव, साबण, बादली, पगार, चावी.

आणखी एक. पोर्तुगीजमध्ये 'मांगा' म्हणजे आंबा, आणि 'मांगा' म्हणजे सदऱ्याची बाहीसुद्धा. दोन वेगळे शब्द, बाहीचा लॅटिनमधून आलेला. 'मांगैरा' म्हणजे आंब्याचं झाड, आणि बागेला पाणी घालायची रबरी नळीही मांगैराच. शिकायला लागले तेव्हा धड्यात "मांगैरा घेऊन ये" असं वाक्य आलं आणि मी वहीत लिहिलं, 'झाड घेऊन ये'. बाई म्हणाल्या, एवढी ताकद असेल तर आण!

म्हापशेकार
मग जपानी कॉमिक्स 'मांगा' ते काय? माझा मुलगा रात्रंदिवस तेच वाचतो. आंब्याचं काही नातं?

पोर्तुगेज_शिकलेली
काही नाही. तो जपानी शब्द आहे, त्यातला 'गा' म्हणजे चित्र. उच्चार जुळला इतकंच.

सत्तरीकार
आणि मॅन्ग्रोव्ह? चोडणला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे तिथल्या पाटीवर वाचलं, तेव्हापासून मनात आहे.

मांडवीकाठ
तोही वेगळा. खारफुटीला पोर्तुगीजमध्ये 'मांग' म्हणतात, तो शब्द अमेरिकेच्या बाजूचा, कॅरिबियन बेटांवरून आलेला. त्याला इंग्रजांनी झाडांच्या राईचा 'ग्रोव्ह' चिकटवला. खाडीतल्या झाडाला आंबा धरत नाही.

आजीची_भरणी
तुम्ही सगळे शब्दांत रमलात, मी स्वयंपाकघरातली. पण 'इंग्रजीत कसकसा वापरतात' हे राहिलंच की, म्हणून लिहिते.

माझी बहीण लग्न होऊन अमेरिकेत ओहायोला गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या शेजारणीने तिला जेवायला बोलावलं आणि सांगितलं, आज भरलेले मँगो केलेत. ही आशेने गेली. ताटात काय, तर भोपळी मिरची! आत भात आणि खिमा. बहिणीला वाटलं आजीबाईंचा गोंधळ झाला. पण नाही. ओहायो, इंडियाना त्या बाजूच्या जुन्या माणसांत भोपळी मिरचीला खरंच मँगो म्हणतात.

असं का, तर पूर्वी जहाजातून ताजा आंबा इंग्लंडपर्यंत टिकायचा नाही. जायचं ते लोणचं. त्यामुळे तिथल्या लोकांना मँगो म्हणजे लोणचंच वाटायचं. मग आंबा मिळेना तेव्हा त्यांनी काकडी, छोटं खरबूज, पीच असलं काहीही घेतलं, आतला गर काढला, मसाला भरला, व्हिनेगरात बुडवलं, आणि त्यालाही मँगो म्हणाले. मग 'मँगो करणे' असं क्रियापदच झालं, म्हणजे भरून लोणचं घालणे. अमेरिकेत गेलेल्यांनी तसंच भोपळी मिरचीचं केलं. पुढे लोणचं राहिलं बाजूला, नाव मिरचीला चिकटलं.

बहिणीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी मिस्कूट, म्हणजे भरलेल्या कैरीचं लोणचं, घालत होते. हातात तोर, म्हणजे कोवळी कैरी होती. मिस्कुटाला काय करतो आपण? कोवळं तोर देठाकडे जोडलेलं ठेवून चिरायचं, मीठ लावून मुरवायचं, फडक्यावर सुकवायचं, मग मोहरी, हळद, हिंग, तिखट असा मसाला आत दाबून भरायचा आणि भरणीत तेलाखाली ठेवायचं. ते फळ चार पाकळ्यांसारखं उघडतं आणि मसाला भरला की परत मिटतं. मी तिला म्हटलं, अगं, तुझी ती शेजारीण मिस्कूटच करते, तिला ठाऊक नाही एवढंच. कोवळ्या कैरीचं पोट चिरून भरायची आपल्याकडची रीत तिच्या ताटात मिरची होऊन आली होती.

प्रियोळची_माय
भरणीताई, हे वाचून मी लेकीला हाक मारली आणि आम्ही दोघींनी मिळून परत वाचलं. खरंच डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी लगेच मिस्कुटाची भरणी फळीवरून काढून तिला दाखवली, "हे बघ तुझं क्रियापद."

काणकोणकर
चेपणीची तोरां विसरू नका! आमच्याकडे पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या सामानात ती आधी. आख्खी तोरं, मधे मधे जाडं मीठ, वर दगडाचं वजन. दाबून ठेवतात म्हणून चेपणी. पावसात बाजार बंद पडला, मासळी नाही, तर पेज आणि एक तोर, आणखी काय पाहिजे. आणि पुरुमेंत हा शब्दही पोर्तुगीज 'प्रोविमेंतो'चा, म्हणजे साठवण. शब्द त्यांचा, साठवण आपली.

कुवेतवासी
मूळचा पेडण्याचा, सतरा वर्षं कुवेतला आहे. आजीची भरणी यांचं वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितोय.

इकडे इराकी लोकांची खानावळ आहे. नदीतला मासा मधोमध उघडून निखाऱ्याशी भाजतात, त्याला मसगूफ म्हणतात. सोबत एका वाटीत पिवळी, पातळसर, आंबट चटणी येते. पहिल्या दिवशी बोट लावून चाटली आणि घरची आठवण येऊन घास अडला. मेथी, हळद, कैरी. वाढणाऱ्याला विचारलं हे काय, तर तो म्हणाला, "अंबा". मी म्हटलं, परत सांग. "अंबा, अंबा." त्यांच्याकडे अंबा म्हणजे ताजं फळ नव्हे, ही चटणीच. मुंबईत बगदादचे ज्यू व्यापारी होते, त्यांच्यामार्फत हा पदार्थ तिकडे गेला असं सांगतात.

मांडवीकाठ म्हणतात आपला शब्द थोडक्यात हुकला. हुकला नाही हो. तो दुसऱ्या गलबतात बसला. मलबारचा मांगा पश्चिमेला जाऊन इंग्रजांच्या ताटात लोणचं झाला, आणि आपला आंबा अरबस्तानाच्या बाजूला जाऊन तिथेही लोणचंच झाला!

मांडवीकाठ
माझे शब्द मागे घेतो, कुवेतवासी, आणि आनंदाने घेतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत आंब्याला 'एम्बे' म्हणतात, तोही आपल्याच बाजूचा. आणि पोर्तुगीजांनी झाडं ब्राझीलला नेली तिकडे मांगा. बेलें नावाचं शहर तर आंब्याच्या झाडांचं शहर म्हणूनच ओळखलं जातं.

कुंडईचो_पाव्णो
सगळं पटलं, आजोबांची गोष्ट मी घरच्यापुरती ठेवतो. पण एक बोलतो. आपली मुलं आंब्याला आंबा म्हणत नाहीत, मँगो म्हणतात, ते मला सलतं. परवा फोंड्याच्या बाजारात एक लहानगी "मम्मा, मँगो" म्हणाली. समोर आंबे विकणारी बाय बसलेली, तिने विचारलं, "आंबो जाय गे तुका?" (आंबा हवा का गं तुला?) पोरीला कळलंच नाही. असं होऊ नये.

म्हापशेकार
माझी मुलं दोन्ही म्हणतात, पाव्णोबाब. मिल्कशेक मँगोचा, रस आंब्याचा. आइस्क्रीम मँगोचं, सासव (मोहरी वाटून केलेलं कालवण) आंब्याचं. मी कधी शिकवलं नाही, त्यांनीच वाटणी केली. बाटलीतून किंवा पाकिटातून येतो तो मँगो, टोपलीतून येतो तो आंबा.

कुंडईचो_पाव्णो
टोपलीतला तरी आंबा राहू दे, एवढंच म्हणणं.

सत्तरीकार
आमच्या रानातली घोटां कुणी मँगो म्हणून दाखवावीत. एवढासा रानटी आंबा, सगळा दोऱ्यांचा, चोखूनच खायचा. सासवात घोटां पाहिजेत, तिथे कलमी आंबा चालत नाही.

फोंड्याचे_सर
पाव्णोबाबांची खंत खरी आहे. पण आपल्याच घरात शब्द कसे येऊन बसलेत ते बघा. हापूस कोणाचा? अफोन्सोचा. बहुतेक जण अफोन्सो द अल्बुकर्कचं नाव सांगतात, ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला. झाडाला कलम बांधून हवा तसा आंबा मिळवायची हातोटी इथे जेजुइट पाद्र्यांनी वाढवली, आणि त्या कलमांना नावं पडली ती पोर्तुगीज. मुसराद म्हणजे मोन्सेराते. फर्नांदीन, हिलारियो, शावियेर ही तर सरळच. आणि आपला लाडका मानकुराद म्हणजे 'माल कोरादा', नीट रंग न भरलेला. साल पिवळी, हापूससारखी लाली नाही, म्हणून कुणी हे नाव ठेवलं. गोव्याच्या माणसाला विचारा रंगाचं काय ते! २०२३ मध्ये मानकुरादला भौगोलिक मानांकनही मिळालं, ते याच नावाने.

मांडवीकाठ
हापूसच्या नावाबद्दल माझं मत वेगळं आहे, सर. सतराव्या शतकात निकोलाव मानुची हा व्हेनिसचा माणूस गोव्यात राहून गेला. त्याने इथल्या आंब्यांची नावं दिली आहेत, त्यात पहिलंच 'निकुलाव अफोन्सो'. म्हणजे ज्याच्या बागेत तो आंबा झाला त्या कुणा बागायतदाराचं नाव असावं. इतर काही नावंही तशीच माणसांची आहेत. गव्हर्नरापेक्षा बागायतदार मला जास्त पटतो. कलम ज्याने बांधलं, आंबा त्याचा.

फोंड्याचे_सर
हे बाकी वजनदार आहे. कलम करणाऱ्याचंच नाव आंब्याला पडावं, मलाही तेच आवडेल. पुढच्या वर्षी वर्गात दोन्ही सांगीन.

म्हापशेकार
मानकुरादचा विषय निघालाच तर सांगतो. यंदा मोसमाच्या सुरुवातीला एका विक्रेत्याने मानकुराद म्हणून हजारांत पैसे घेऊन भलतेच आंबे दिले. घरी कापले तर गर दोऱ्या दोऱ्यांचा. वडिलांनी एक फोड तोंडात घातली आणि ताट बाजूला सारलं. मानकुरादच्या गराला दोरा नसतो, हे नव्या लोकांनी लक्षात ठेवा.

पोर्तुगेज_शिकलेली
पणजीला चर्चजवळ जी म्युनिसिपल बाग आहे ना, तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. १५६३ मध्ये त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक इथेच गोव्यात छापलं गेलं. सगळं दोन माणसांच्या संवादात, या धाग्यासारखंच. त्यात आंब्यावर एक अख्खी गप्पा आहे. मुंबई बेट त्याच्याकडे होतं, तिथलं आपलं एक झाड वर्षातून दोनदा फळतं असं तो लिहितो. छापून पाच वर्षं झाली आणि तो वारला. १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, कारण मूळच्या ज्यू घराण्यातला हा माणूस लपून ज्यू धर्म पाळायचा असा ठपका. ताई, लेकीला त्या बागेत एकदा न्या. 'मांगा' हा शब्द गोव्यात छापला गेला त्याला साडेचारशेहून जास्त वर्षं झाली आणि तो माणूस याच मातीत राहत होता.

प्रियोळची_माय
चार्ट झाला, मंडळी. मध्ये तिने भारताचा किनारा काढलाय. कोळिकोडहून एक बाण निघतो तो लिस्बनला, तिथून लंडनला, तिथून ओहायोला. 'मांगा, मँगो' असं लिहून शेवटी भोपळी मिरचीचं चित्र. आपल्या किनाऱ्यावरून दुसरा बाण बसऱ्याला, शेवटी अंब्याची वाटी. आणि उलट दिशेने लिस्बनहून गोव्याला तिसरा, त्यावर आफोंस, मालकोरादा, मोन्सेराते. फळाचं नाव इथून गेलं आणि कलमांची नावं तिथून आली, हे तिला आपोआप दिसलं, मला सांगावं लागलं नाही.

चार्ट पाहून सासूबाई म्हणाल्या, "आणि मांगाड?" आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. घरात दर वर्षी होतं, बोलताना सारखं येतं. फळाला आंबो आणि त्याच्या मुरंब्याला मांगाड! म्हणजे मल्याळी माङ्ङ लिस्बनची वारी करून आमच्याच फळीवर येऊन बसला होता, आणि मी तो शब्दकोशात शोधत होते.

पोर्तुगेज_शिकलेली
मांगाडा! अगदी बरोबर. पोर्तुगीजमध्ये आंब्याच्या त्या घट्ट मुरंब्याला मांगाडाच म्हणतात. मीही हे लिहायला विसरले, सासूबाईंना नमस्कार सांगा.

प्रियोळची_माय
आता लेक म्हणते की चार्टसोबत वर्गात बाटलीभर मांगाड न्यायचं. घरात शेवटचे नऊ मुसराद आहेत. सासूबाई अंदाजाने करतात, मला माप हवं. भरणीताई, साखर किती?

आजीची_भरणी
मुसराद उत्तम, मांगाडाला तोच. गर आधी मोजून घे. किलोभर गराला पाऊण किलो साखर, आंबा फार गोड असेल तर थोडी कमी. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, हात थांबवायचा नाही. कडा सोडायला लागला आणि उलथण्यावरून गोळा होऊन पडला की उतरव. उडतं फार, पोरीला जवळ उभी करू नको. बाटली कोरडी हवी, बाहेर पाऊस आहे.